कालव्याकाठचे मोकळे घर आणि करारातले एक वाक्य

वार्षिक परीक्षा संपल्या आणि बदल्यांचे आदेश निघू लागले, की जळगाव आणि धुळ्यात भाड्याच्या घरांची शोधाशोध सुरू होते. बँकेत किंवा महसूल खात्यात बदलून आलेले कर्मचारी, एमआयडीसीतले कामगार, मुलांच्या शाळेसाठी तालुक्याच्या गावाहून शहरात बिऱ्हाड हलवणारी शेतकरी कुटुंबे, या साऱ्यांना परवडते ते शहराच्या कडेचे, नव्या वसाहतीतले, नुसत्या चार भिंतींचे घर. एजंटच्या भाषेत अनफर्निश्ड. अशी वसाहत कालव्याच्या, चारीच्या किंवा एखाद्या जुन्या पाटाच्या कडेने वाढलेली असली तर भाडे आणखी थोडे उतरते. घर बघायला आलेला माणूस भाडे विचारतो, डिपॉझिट विचारतो, नळाला पाणी किती दिवसांआड येते ते विचारतो आणि टोकन देऊन मोकळा होतो. जमिनीखालच्या पाण्याबद्दल तो काहीच विचारत नाही. या लेखाचे म्हणणे एवढेच, की कालव्याजवळचे घर घेताना ते पाणी आधी वाचले पाहिजे आणि जे वाचले ते करारात लिहून घेतले पाहिजे. भाड्याचा करार 11 महिन्यांचा असतो, कालव्याचे वर्ष निराळे असते, आणि या दोन वेळापत्रकांच्या फटीत भाडेकरूचे डिपॉझिट जाते.

खानदेशात कालवा शहरात आलेला नाही, शहर कालव्यावर गेले आहे. पांझरा, मोसम आणि आरम या नद्यांवर बंधारे घालून, पाटाने पाणी काढून, गावाची जमीन फडांत वाटून भिजवण्याची पद्धत तीन-चारशे वर्षांची जुनी आहे. फडाचे पाणी वाटायला पाटकरी, राखणीला जागल्या अशी माणसे गावाने नेमलेली असत. 1818 नंतर कॅप्टन जॉन ब्रिग्जने धुळ्याला खानदेशाचे मुख्य ठाणे केले, सरळ रस्त्यांची पेठ आखली आणि तिथल्या गल्ल्या आजही नंबराने ओळखल्या जातात. पण ती आखणी नदीकाठच्या पाटस्थळ जमिनी सोडून होती. 1884 मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झालेल्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांना नोकरीच्या सुरुवातीलाच जे काम मिळाले तेही पांझरेच्या खोऱ्यातले: पाटाचे पाणी नळाच्या सायफनने पलीकडे नेण्याचे. जळगाव जिल्ह्यात गिरणेवरच्या जामदा बंधाऱ्याचे कालवे ब्रिटिश अमदानीतले. पुढे नांदगाव तालुक्यात गिरणा धरण 1969 मध्ये पूर्ण झाले आणि पांझण डावा, जामदा डावा-उजवा, निम्न गिरणा ही नावे चाळीसगावपासून जळगावपर्यंतच्या शेतकऱ्याच्या तोंडी बसली. हे सारे जाळे शेतासाठी आखलेले. कालव्याखालची जमीन भिजावी हाच त्याचा हेतू होता. गेल्या तीस-चाळीस वर्षांत त्यातल्या काही शेतांचे एनए प्लॉट झाले, प्लॉटवर अपार्टमेंट उभी राहिली. चारी बुजली, तिच्यावरून कॉलनीचा रस्ता गेला, पण जमिनीचा उतार तोच राहिला आणि पाणी उतारानेच जाते.

कालव्याचे पाणी कालव्यातच राहते ही समजूत कायद्यानेसुद्धा कधी धरलेली नाही. 1879 च्या मुंबई पाटबंधारे कायद्यात एक कलम होते: कालव्यापासून 200 वारांच्या आतल्या लागवडीच्या जमिनीला नुसत्या पाझराने किंवा गळतीने थेट पाणी दिल्याइतका फायदा होत असेल, तर कालवा अधिकारी तिच्यावर पाणीपट्टी बसवू शकेल. पाणी मागितले नाही, दार उघडले नाही, तरी पट्टी. म्हणजे जमिनीखालून पाणी सुमारे 180 मीटरपर्यंत शेताला उपयोगी पडेल इतके पोचू शकते, हे सरकारने सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी गृहीत धरले होते. शेताला जो फायदा, तोच घराच्या पायाला तोटा. नीरा डाव्या कालव्याखाली विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच जमिनी पाणथळ आणि खारपट होऊ लागल्या होत्या. तिथल्या पाणीवापराला शिस्त लावण्यासाठी विश्वेश्वरय्यांनी ब्लॉक पद्धत सुचवली आणि पुढे निचऱ्याच्या चरांचे मोठे काम करावे लागले. तिथे ऊस होता म्हणून हानी पिकात दिसली. जिथे अपार्टमेंट आहे तिथे ती प्लास्टरमध्ये दिसते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: आता कालव्यांना काँक्रीटचे अस्तर केले आहे, पाझर कुठला? अस्तराने पाझर बराच कमी होतो, हे मान्य. पण खानदेशातली काळी माती अस्तराची मित्र नाही. या मातीतली चिकणमाती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आकसून हातभर भेगा पडतात. कालव्यात पाणी सोडले, बंद केले, पुन्हा सोडले, की अस्तराच्या फरशा खालून उचलल्या जातात आणि सांधे उघडतात. कर्नाटकातल्या मलप्रभा कालव्यावर हाच प्रश्न इतका बिकट झाला, की आयआयटी मुंबईच्या प्रा. कट्टी यांनी अस्तराखाली न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर घालण्याचे तंत्र त्यासाठी विकसित केले. तेव्हा कालव्याला अस्तर आहे की नाही यापेक्षा त्याचे सांधे कसे आहेत, काठाला गवत कुठे हिरवेगार आहे आणि पाणी बंद असताना बाहेरच्या उतारावर कुठे ओल टिकून आहे, हे पाहणे अधिक उपयोगाचे. भर एप्रिलात कालव्याच्या भरावाखाली लव्हाळा किंवा बेशरमाची झुडपे तरारलेली दिसली, तर पाझर कुठे आहे ते सांगायला इंजिनिअर लागत नाही.

काळ्या मातीचा दुसरा त्रास थेट इमारतीला होतो. या मातीत ओलाव्याचा चढउतार साधारण साडेतीन मीटर खोलीपर्यंत चालतो. म्हणूनच रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अशा जमिनीसाठी, खालच्या टोकाला फुगीर असणाऱ्या खांबांचा पाया रूढ केला. कालव्याशेजारी या चढउताराला एक बाजू मिळते. कालव्याकडची माती ओली आणि फुगलेली, पलीकडची कोरडी आणि आकसलेली, असे झाले की उथळ पायाची इमारत सगळीकडे सारखी हलत नाही. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या जाणाऱ्या भेगा पडतात, दारे एका मोसमात अडकतात आणि दुसऱ्या मोसमात सैल होतात. केसासारखी बारीक भेग बहुतेक प्लास्टरची असते, तिला भिण्याचे कारण नाही. जिच्यात नाण्याची कड शिरते आणि जी वर रुंद, खाली अरुंद आहे, ती भेग पायाची असण्याचा संभव जास्त.

आता भिंतीकडे. विटेच्या आणि सिमेंटच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी आपोआप वर चढते. प्लिंथवर ओलरोधक थर, म्हणजे मिस्त्री ज्याला डीपीसी म्हणतात तो, नीट घातला नसेल तर तळमजल्याच्या भिंतीत ते साधारण मीटरभर उंचीपर्यंत जाते. येताना ते मातीतले क्षार बरोबर आणते. खानदेशातला उन्हाळा 44-45 अंशांचा आणि हवा कोरडी. पाणी पृष्ठभागावर येताच उडून जाते आणि मागे पांढरी भुकटी राहते. तिलाच आपण लोणा म्हणतो. लोणा रंगाखाली साचला की रंग फुगतो, पोपडे सुटतात. भाडेकरूंची नेमकी फसगत इथे होते. घरे बघितली जातात एप्रिल-मे महिन्यांत, तेव्हा भिंतीला हात लावला तर ती ठणठणीत कोरडी लागते. उन्हाळ्यात ओल दिसत नाही, मीठ दिसते. म्हणून मे महिन्यात घर बघणाऱ्याने हाताने भिंत चाचपू नये, नखाने कोपरे खरवडावेत. जमिनीपासून गुडघा ते कंबरेच्या उंचीवर एखादी आडवी पट्टी वेगळ्या रंगाची आहे का, लाकडी चौकटीचा खालचा वीतभर भाग भुसभुशीत आहे का, ओट्याखालच्या न रंगवलेल्या कोपऱ्यात भुकटी आहे का, हे पाहावे. फक्त खालच्या अर्ध्या भिंतीला ताजा रंग असेल तर तो का दिला, हा प्रश्न विचारायला संकोच करू नये.

याच ठिकाणी मोकळ्या घराचा फायदा आहे. फर्निचर असलेल्या घरात कपाटामागची भिंत कोणी बघत नाही, पलंगाखालची फरशी कोणी पुसत नाही. रिकामे घर काहीच लपवू शकत नाही. एक साधी चाचणी भाडेकरूला फुकट करता येते. फूटभर लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा तुकडा संशयास्पद भिंतीवर चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट बसवायचा आणि दोन दिवस ठेवायचा. प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला दव साचले तर पाणी भिंतीतून येते आहे. बाहेरच्या बाजूला साचले तर ते खोलीतल्या हवेतले. घरमालकाने किल्ली दोन दिवस दिली नाही, तर तेही एक उत्तरच आहे. मात्र ही चाचणी कालव्यात पाणी नसताना केली तर अर्धीच. पाटबंधारे खात्याच्या हिशेबात वर्ष 1 जुलैला सुरू होते: 14 ऑक्टोबरपर्यंत खरीप, फेब्रुवारीअखेर रब्बी, मग 30 जूनपर्यंत उन्हाळी हंगाम. धरणात साठा असेल तर रब्बीत आवर्तने, म्हणजे कालव्यात पाणी सोडण्याच्या फेऱ्या, सुटतात, उन्हाळ्यात पिण्यासाठी राखून उरले तर सुटतात, आणि दोन आवर्तनांमध्ये कालवा कोरडा असतो. मे महिन्यात घेतलेले घर पावसाळा आणि रब्बीची आवर्तने अशा दोन ओल्या काळांतून जाते आणि पुढच्या एप्रिलमध्ये, म्हणजे लोणा पुरता उमलल्यावर, मालकाच्या ताब्यात परत जाते. तोवर भिंत खराब कोणी केली याचे उत्तर सोपे झालेले असते: राहत होता त्याने.

दुसरा आक्षेप वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांचा. तळमजल्याची ओल तिसऱ्या मजल्यावर कशी येणार? येत नाही, आणि ज्यांना पर्याय आहे त्यांनी कालव्याकाठी पहिला किंवा दुसरा मजलाच घ्यावा. अगदी वरचा मजला घेण्याची घाई मात्र खानदेशात करू नये. तिथे ओल नसते पण दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो. आणि कालव्याकाठी गारवा असतो या भरवशावर तर मुळीच राहू नये. वाहत्या पाण्याचा गारवा काठावर जाणवतो, शंभर पावलांवरच्या खोलीत नाही, आणि मे महिन्याच्या ज्या दुपारी त्याची गरज असते तेव्हा कालवा बहुधा कोरडाच असतो. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यालाही इमारतीचे पाणी तळातूनच येते. जमिनीखालची टाकी तडकलेली असेल तर पाझराचे पाणी तिच्यात शिरते. शेजारी ड्रेनेजचा चेंबर किंवा सेप्टिक टँक असेल तर तेही. लिफ्टच्या खड्ड्यात आणि पार्किंगच्या कोपऱ्यात पाणी साचते का, हे वॉचमनला विचारलेले बरे.

कालव्याची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडायला हवी. वाघूर धरणाच्या पाण्यावर अवलंबून असलेल्या जळगावात काय किंवा तापी योजना, नकाणे आणि डेडरगाव तलावांवर जगणाऱ्या धुळ्यात काय, नळाला रोज पाणी येण्याची सवय नाही. अशा शहरात पाझराने भरणारे बोअरवेल ही खरी संपत्ती आहे. उन्हाळ्यात टँकर मागवावा लागत नसेल, तर महिन्याचा तो खर्च भाड्यातून वजा करून पाहावा. कालव्याशेजारचे घर सरसकट टाळावे असे म्हणणारे हा हिशेब करत नाहीत. फक्त त्या बोअरचे पाणी पिण्याआधी जिल्हा आरोग्य प्रयोगशाळेत किंवा भूजल खात्याच्या प्रयोगशाळेत तपासून घ्यावे, कारण शहरातून जाणारी चारी आता सांडपाण्याचीही वाट झालेली असते.

डासांबद्दल कालव्याला जरा जास्तच दोष दिला जातो. डेंग्यू पसरवणारा एडिस डास वाहत्या कालव्यात अंडी घालत नाही. त्याला घरातले स्वच्छ साठवलेले पाणी लागते, म्हणजे चार दिवसांआडच्या नळासाठी भरून ठेवलेला ड्रम आणि सप्टेंबरपर्यंत तसाच पडलेला कूलर. कालव्याचा खरा दोष आवर्तन संपल्यावर तळाशी उरणाऱ्या डबक्यांचा. मलेरियाच्या अॅनोफेलिस डासाला आठ-दहा दिवस टिकणारे असे डबके पुरते. सांडपाण्याची चारी असेल तर क्युलेक्स असतोच. तेव्हा खिडक्यांना जाळी आहे का, हा प्रश्न मोकळ्या घरात पंख्याच्या आधी विचारावा. पूर हा वेगळा विषय. 1872 च्या सप्टेंबरात गिरणा आणि पांझरेला आलेल्या पुराने धुळ्याची शेकडो घरे नेल्याची नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. नदीकाठी जलसंपदा खात्याची निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. घर नदीच्या बाजूला असेल तर त्या रेषा महापालिकेच्या नगररचना विभागात पाहता येतात.

हे सगळे वाचून झाल्यावर मुद्दा येतो कराराचा, आणि इथे 11 महिन्यांची एक जुनी समजूत आड येते. 1908 च्या नोंदणी कायद्याप्रमाणे एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे, म्हणून 11 महिन्यांचा करार केला की नोंदणी लागत नाही, असे अजूनही सर्रास सांगितले जाते. महाराष्ट्रात ते खरे नाही. 31 मार्च 2000 पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 नुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार लेखी आणि नोंदलेला असलाच पाहिजे, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे आणि ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. करार नोंदलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. खर्चही फार नाही. समजा भाडे महिना 8000 आणि परत मिळणारे डिपॉझिट 30,000 रुपये आहे. 11 महिन्यांच्या भाड्याचे 88,000 आणि डिपॉझिटवर वार्षिक 10 टक्क्यांनी धरलेले व्याज 2750, मिळून 90,750 रुपयांवर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे सव्वादोनशेच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1000 रुपये. ऑनलाइन नोंदणीची सोयही आहे.

नोंदणी झाली म्हणजे भाडेकरू सुरक्षित झाला असे मात्र नाही, आणि कालव्याकाठच्या घराबाबत तर हाच कळीचा मुद्दा आहे. याच कायद्याच्या कलम 14 नुसार घर दुरुस्त ठेवणे मालकाचे कर्तव्य आहे. 15 दिवसांची नोटीस देऊनही त्याने टाळाटाळ केली तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशपर्यंत रक्कम भाड्यातून कापू शकतो. पण ते कलम भाडेकरूसाठी आहे. आज बहुतेक घरे लिव्ह अँड लायसन्सवर दिली जातात, आणि तिथे राहणारा कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसून परवानाधारक असतो. त्याला जे मिळवायचे ते करारातूनच मिळवावे लागते. त्यात कलम 24 म्हणते, की परवान्याच्या लेखी करारात नमूद केलेली वस्तुस्थिती हा निर्णायक पुरावा मानला जाईल. आता छापील मसुद्यातले ते नेहमीचे वाक्य आठवून पाहा: सदर मिळकत सुस्थितीत ताब्यात मिळाली असून तशीच परत करण्यात येईल. कोपऱ्यात लोणा असताना या वाक्याखाली सही केली, की ज्या भिंतीतून पाणी वर्षानुवर्षे चढत आले आहे तिच्या रंगाचा खर्च आपण आपल्या हाताने अंगावर घेतलेला असतो.

तिसरा आक्षेप सर्वांत व्यवहारी आहे. आपल्याकडे घर ओळखीवर मिळते. असल्या अटी घातल्या तर मालक दुसरा भाडेकरू बघेल. काही मालक तसे करतीलही. पण ही मागणी मालकाच्या विरुद्ध नाही. ज्याने घर खरेच नीट बांधले आहे त्याला आज भिंत कशी आहे हे लिहून द्यायला हरकत नसावी. उद्या भाडेकरूने खिळे ठोकून प्लास्टर पाडले तर तोच कागद मालकाच्या कामाला येतो. मोकळ्या घरात काय काय देणार याचीही कायद्यात ठरलेली यादी नाही. नेदरलँड्समध्ये मोकळे घर फरशीच्या आच्छादनाशिवाय मिळू शकते, जर्मनीत स्वयंपाकाच्या ओट्याशिवायही. आपल्याकडे ओटा आणि माळा गृहीत असतो, पंखे, गीझर आणि कूलरचे स्टँड घरागणिक बदलते. ती यादी करारात जोडायचीच असते. तिच्यात भिंतींच्या नोंदी वाढवल्या तर अर्धे पान जास्त लागेल.

तेव्हा सही करण्याआधी छापील मसुद्यातले 'सुस्थितीत' हे वाक्य खोडायला लावा. त्याजागी प्रत्येक खोलीतल्या भेगा, लोण्याच्या जागा आणि त्यांची जमिनीपासूनची उंची लिहा, तारखेसह फोटो काढून दोघांच्या सह्यांनिशी जोडा. जमिनीतून येणाऱ्या ओलीचा आणि तिच्यामुळे लागणाऱ्या रंगाचा खर्च डिपॉझिटमधून कापला जाणार नाही, आणि ओल ठराविक उंचीच्या वर गेली तर महिन्याची नोटीस देऊन मुदतीआधी घर सोडता येईल, एवढ्या दोन अटी घाला. भाड्यात शे-दोनशे रुपये कमी करून घेण्यापेक्षा या दोन अटींसाठी घासाघीस करा.